करंट कुठे अडला?

जुनी फियाट रस्त्यात बंद पडली की चार मिनिटांत चार सल्लागार जमतात. एक म्हणतो, कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय. दुसरा म्हणतो, प्लग गेलेत. तिसरा बॅटरी बदलायला सांगतो आणि चौथा काहीच न बोलता धक्का मारायला मागे जातो. या चौघांत मला आदर वाटतो तो चौथ्याविषयी. कारण धक्क्याने गाडी सुरू झाली तर निदान एवढे कळते, की ठिणगी पडते आहे. दुखणे बॅटरी किंवा सेल्फकडे आहे. बाकीच्या तिघांनी फक्त मत दिलेले असते.

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी ही गाडी, आधी फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी, दोन पिढ्यांच्या मध्यमवर्गाने पाहिली. मुंबईतली तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्या त्या हौसेने किंवा मायेने सांभाळलेल्या. पंचाईत अशी, की गाड्या उरल्या आणि त्यांचे वैद्य म्हातारे झाले. नव्या गॅरेजातला मुलगा हुशार असतो, पण त्याला गाडीला यंत्र जोडून पडद्यावर दोष वाचायची सवय. पद्मिनीला ते यंत्र जोडायला जागाच नाही. मग तो एकेक वस्तू बदलत सुटतो, आणि बिल मालक भरतो.

मुळात यंत्रणा साधी आहे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९१० च्या सुमारास ती रूढ केली, आणि पुढे साठ-सत्तर वर्षे जगभरच्या पेट्रोल गाड्या तिच्यावर धावल्या. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात. डिस्ट्रिब्युटरमधले सीबी पॉइंट मिटलेले असतात तोवर कॉइलमध्ये चुंबकत्व साठते. पॉइंट उघडले की ते कोसळते आणि त्या क्षणी हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. रोटर तो झटका एकेका प्लगला वाटत जातो, पद्मिनीत १-३-४-२ या क्रमाने. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात, आणि हे सगळे अवलंबून असते पॉइंटमधल्या अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फटीवर. जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी ती फट!

माझी नोकरी बँकेतली. शाखेत संगणक येण्यापूर्वी लेजर टॅली झाले नाही तर रात्री दहापर्यंत घरी जायला मिळत नसे. नवखा कारकून पहिल्या पानापासून सगळी बेरीज पुन्हा मारत बसे. मुरलेला माणूस आधी फरकाकडे बघे. फरकाला नऊने भाग जातो का? जात असेल तर कुठेतरी ४५० चे ५४० झाले असण्याची शक्यता मोठी. नाहीतर लेजर मधोमध तोडायचे आणि चूक कुठल्या अर्ध्यात आहे ते आधी ठरवायचे. पुढे एका मेस्त्रींना फियाटवर काम करताना पाहिले आणि मला आमचे हेडकॅशियर आठवले. पद्धत तीच.

कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी मधली जाड वायर काढायची. रबरी मुठीच्या पकडीत धरून (हातात नव्हे, झटका जबर बसतो) तिचे टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून पाचेक मिलिमीटरवर ठेवायचे आणि सेल्फ मारायला सांगायचे. आसपास पेट्रोल गळत नाही ना, हे आधी पाहायचे. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळे सुटले. दोष पुढे कॅप, रोटर, प्लगच्या वायरी किंवा प्लगमध्ये. ठिणगी पडलीच नाही तर दोष मागे. तिथे मेस्त्रींचे हत्यार म्हणजे इंडिकेटरचा एक बल्ब आणि दोन वायरी. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरे बॉडीला. सेल्फ मारताना बल्ब उघडझाप करत असेल तर पॉइंट काम करताहेत. मग संशय कॉइल आणि कंडेन्सरवर. सतत पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांवर घाण आहे. पेटलाच नाही तर कॉइलपर्यंत करंटच पोचत नाही, किंवा पॉइंटची वायर कुठेतरी बॉडीला चिकटली आहे. पाच मिनिटांचे काम, आणि एक रुपयाची वस्तू बदललेली नाही.

आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या यजमानांची पद्मिनी अशीच भंगारात निघाली होती. सेल्फ नुसता कण्हायचा, दिवे मंदावायचे. एका गॅरेजने वायरिंग, सेल्फ, कॉइल सगळे नवे घालायचा अंदाज दिला. तो आकडा गाडीच्या किमतीच्या वर होता. यजमान जाऊन वर्ष झालेले. मुलगा परदेशातून म्हणाला, देऊन टाक. मेस्त्रींनी सेल्फ मारायला लावला आणि चोकच्या केबलला हात लावून पाहिला. केबल गरम! "ताई, वायरिंगला हात लावू देऊ नका कोणाला," ते म्हणाले. इंजिन रबरावर बसलेले असते, म्हणून ते बॉडीला एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडलेले असते. ती पट्टी गंजून तुटली होती. सेल्फचा शंभरावर अँपिअरचा करंट परतीची वाट शोधत बिचाऱ्या चोकच्या तारेतून जात होता. पट्टी बदलली, बॉडीवरचा गंज घासला आणि गाडी पहिल्या सेल्फला उठली. मीटर असेल तर हे मोजताही येते: सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनपर्यंत अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसता कामा नये.

अवघड असतात ती लपंडाव खेळणारी दुखणी. अर्धा तास चालून बंद पडणारी आणि वीस मिनिटांनी शहाण्यासारखी सुरू होणारी गाडी घ्या. गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल असे करते, कंडेन्सरही करतो आणि पाइपात पेट्रोलची वाफ झाली तरी हेच होते. म्हणून ठिणगी त्याच क्षणी बघायची. चहा पिऊन आल्यावर बघण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात रात्री इंजिन चालू ठेवून अंधारात बॉनेट उघडा. कॅपवर निळ्या रेघा सरपटताना दिसल्या तर दमटपणा किंवा कॅपची चीर सापडली. आणि नवा कंडेन्सर घातलात तरी चालणारा जुना फेकू नका. नवा म्हणजे चांगला, हे आता धरून चालता येत नाही.

राहता राहिली जळक्या वासाची गोष्ट. तिथे निदान नंतर. या गाडीत पुष्कळशा वायरींचे कापडी किंवा रबरी कवच कडक होऊन तडकलेले असते आणि पेट्रोलचा पाइप फार लांब नसतो. वास आला की इंजिन बंद, सगळ्यांना खाली उतरवायचे, आणि धूर वा ज्वाळा दिसत नसतील तरच बॅटरीची अर्थची वायर सोडवायची. तिला बसणारा पाना डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीत नको, ड्रायव्हरच्या हाताशी हवा.