मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतरचा महिना

मूळव्याधीची शस्त्रक्रिया अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. जखम भरून यायला मात्र चार ते सहा आठवडे लागतात. या काळात काय खावे, शौचास केव्हा जावे, रक्त दिसले तर घाबरावे की नाही, असे अनेक प्रश्न रुग्णाच्या मनात असतात. पण अवयवच असा की विचारायची लाज वाटते. स्त्रिया तर घरातही अवाक्षर काढत नाहीत. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ऐकीव सल्ल्यावर पथ्य चालते आणि त्यातून नसते त्रास उद्‌भवतात. म्हणून आज याच विषयावर लिहीत आहे.

प्रथम हे लक्षात घ्या की मूळव्याधीच्या प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रिया लागत नाही. सुश्रुतसंहितेतही अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितलेले आहेत. आजही सुरुवातीच्या अवस्थेतील मूळव्याध आहारातील बदल, औषधे, इंजेक्शन किंवा रबराचे वेढे घालून आटोक्यात येते. मोड बाहेर येऊन हाताने आत ढकलावे लागत असतील, अथवा रक्तस्राव थांबतच नसेल, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

जखम उघडी का ठेवतात?

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या तीन मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. वायू आणि पातळ मळ रोखून धरायला त्यांची मदत होते. वर्षानुवर्षे कुंथल्याने त्या फुगतात, सैल होतात आणि खाली घसरतात. हीच मूळव्याध. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन या शल्यचिकित्सकांनी १९३७ साली वर्णन केलेल्या पद्धतीत हे मोड कापून काढतात आणि जखमा टाके न घालता उघड्या ठेवतात. दोन जखमांच्या मध्ये चांगल्या त्वचेची पट्टी राखलेली असते. जखम तळापासून भरत येते आणि पू आत कोंडत नाही. आजही ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. "डॉक्टरांनी टाके घालायचे राहूनच गेले की काय?" असे नातेवाईक काळजीने विचारतात, त्यांनी निश्चिंत असावे.

इटलीच्या डॉ. लोंगो यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या स्टेपलरच्या पद्धतीत आणि लेसरच्या उपचारात दुखणे कमी असते व रुग्ण लवकर कामाला लागतो. मात्र स्टेपलरनंतर मूळव्याध पुन्हा उद्‌भवण्याचे प्रमाण कापून काढण्याच्या पद्धतीपेक्षा अधिक आहे. कोणती पद्धत योग्य, हे मोड केवढे आहेत त्यावर ठरते.

दुखते कशामुळे?

गुदद्वाराच्या बाहेरच्या भागाची त्वचा फार संवेदनशील असते. तिथे जखम झाली की सभोवतालचे स्नायूंचे वलय आपोआप आवळते. दुखण्याचा बराचसा भाग या आवळण्याचा असतो. पहिले तीन-चार दिवस त्रास जास्त, आठवड्यानंतर तो उतरणीला लागतो आणि पुढे फक्त शौचाच्या वेळी चरचरते, असा साधारण क्रम आहे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी दिलेल्या वेळेवरच घ्याव्यात. दुखू लागल्यावर बघू, असे म्हणून थांबू नये. काही तीव्र वेदनाशामक गोळ्यांनी शौचास घट्ट होते, हेही ध्यानात ठेवावे.

पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल, तर पहिल्या दिवशी लघवी तुंबू शकते. कोमट पाण्यात बसल्यावर ती बहुधा मोकळी होते. सात-आठ तास होऊनही लघवी न झाल्यास लगेच डॉक्टरांना सांगावे.

पहिल्या शौचाची भीती

सर्वात जास्त नुकसान होते ते याच भीतीने. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे आले होते. शौचाच्या भीतीने शस्त्रक्रियेनंतर त्यांनी जेवणच सोडले होते. चार दिवस चहा आणि दोन घास दूधभात. पाणीही कमी, कारण लघवीला उठावे लागू नये! शौचाची भावना झाली की ते ती दाबून ठेवत. पाचव्या दिवशी मळाचा दगडासारखा खडा झाला. तो निघताना जखम पुन्हा फाटली आणि ज्या वेदनेला ते घाबरत होते, तिच्या दुप्पट वेदना त्यांना सोसाव्या लागल्या.

म्हणून मी प्रत्येक रुग्णाला सांगतो की, उपाशी राहून शौच टळत नाही, ते फक्त घट्ट होते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखे जेवावे. पहिले शौच साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होते. त्याआधी अर्धा-पाऊण तास वेदनाशामक गोळी घ्यावी आणि दहा मिनिटे कोमट पाण्यात बसावे. भावना झाली की लगेच जावे आणि कुंथू नये. घरी कमोड असल्यास पायाखाली छोटा पाट घ्यावा. पाच-सात मिनिटांत झाले नाही तर उठावे. शौचालयात मोबाईल नेऊ नये. हे वर्तमानपत्रही बाहेरच वाचावे! तीन दिवस शौच झालेच नाही, तर घरगुती एरंडेल न घेता डॉक्टरांना विचारावे. जोराच्या जुलाबानेही जखम चरचरते.

कोमट पाण्याचा शेक

पसरट टबात किंवा घमेल्यात कोपराला सोसेल इतके कोमट पाणी घेऊन त्यात दहा-पंधरा मिनिटे बसावे. दिवसातून तीन-चार वेळा आणि प्रत्येक शौचानंतर हा शेक घ्यावा. त्याने आवळलेले स्नायू सैल होतात आणि जागा स्वच्छ राहते. पाण्यात डेटॉल किंवा मीठ टाकण्याची गरज नाही. नंतर मऊ फडक्याने टिपून कोरडे करावे, घासू नये. शौचालयातील पाण्याच्या फवाऱ्याचा जोर जखमेवर मारू नये. पहिले दोन-तीन आठवडे पिवळसर पाणी झिरपते. ते जखम भरण्याचे लक्षण आहे. आत स्वच्छ सुती घडी ठेवावी.

काय खावे?

आपल्या नाशिक जिल्ह्यात यासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. ज्वारी, बाजरी किंवा नागलीची भाकरी, सालीसकट डाळी, पालेभाज्या, पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका यांत भरपूर चोथा असतो. दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी प्यावे. निफाडच्या थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी होते आणि नेमके तेव्हाच पोट घट्ट होते. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

रात्री दोन चमचे इसबगोल ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे आणि वर आणखी एक ग्लास पाणी घ्यावे. पुरेशा पाण्याशिवाय इसबगोल घेतला, तर तोच आत घट्ट होऊन बसतो. चहासोबत खारी, बटर, मैद्याचा पाव आणि झणझणीत मिसळ महिनाभर दूर ठेवावी. मशेरी किंवा तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. शस्त्रक्रियेच्या निमित्ताने ती सवय सोडलेली उत्तम, कारण तंबाखूने जखम भरायला उशीर लागतो. मधुमेहींनी साखर काटेकोर सांभाळावी.

कामावर केव्हा जावे?

घरातल्या घरात चालणे दुसऱ्या दिवसापासून सुरू करावे. टेबलावरचे काम दहा-पंधरा दिवसांनी जमते. मोटारसायकल दोन-तीन आठवडे नको, आणि ओझे उचलणे चार ते सहा आठवडे नको. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगारांनी रजा त्या हिशेबाने घ्यावी. बागायतदारांनी ऑक्टोबरची छाटणी आणि जानेवारीनंतरची काढणी टाळून तारीख ठरवावी. क्रेट उचलायचे दिवस या शस्त्रक्रियेला सोयीचे नाहीत.

डॉक्टरांकडे केव्हा धावावे?

शौचाच्या वेळी रक्ताचे काही थेंब पडणे नेहमीचे आहे. परंतु शस्त्रक्रियेनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या सुमारास काही थोड्या रुग्णांना एकाएकी जास्त रक्तस्राव होतो. गाठी पडू लागल्या, धार लागली, चक्कर आली, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालयात जावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावे. मात्र त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत. ताप, वाढत जाणारे दुखणे आणि लघवी अडणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर आत जंतुसंसर्ग झाल्याची शंका घेऊन तातडीने उपचार करावे लागतात. महिन्यानंतर शौच बारीक सुतळीसारखे होऊ लागले, तर गुदद्वार आकुंचन पावत असण्याची शक्यता असते. वेळीच दाखवल्यास ते साध्या उपायांनी दुरुस्त होते.

आणखी एक सूचना. जखम पूर्ण भरल्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा रक्त पडू लागले, तर "मूळव्याधच परत आली" असे स्वतःच ठरवू नये. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही असेच रक्त पडते. चाळिशीनंतर तर तपासणी टाळूच नये. 'बिनऑपरेशन, एका इंजेक्शनात खात्रीशीर इलाज' असे फलक लावणाऱ्या, पदवीचा पत्ता नसलेल्या लोकांकडे मुळीच जाऊ नये.

मूळव्याध कापून काढता येते, पण मलावरोध कापून काढता येत नाही. भाकरी, भाजी, पाणी आणि वेळेवर शौचास जाणे, ही महिन्याभरात लागलेली सवय जखम भरल्यावरही चालू ठेवावी. आणि एखादी शंका आली तर संकोच न करता डॉक्टरांना विचारावी. रोज असे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यात नवल काहीच वाटत नाही.