मद्याचीं द्राक्षें

गेल्या माघांत आमच्या एका जुन्या स्नेह्यांबरोबर मोटारीनें दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षमद्याचे दोन कारखाने पाहिले. थॉमसनची बाग काढून मद्याची जात लावावी, असा त्यांचा विचार होता. तेव्हां माल आधीं चाखावा, म्हणून हा प्रवास. शेनिन ब्लांक जातीचें पांढरें मद्य बोटभर मिळालें. तें हुंगून जिभेवर खेळवावयाचें. मग थुंकलें तरी चालतें. (आम्ही थुंकलों, स्नेह्यांनीं नाहीं.) शिराझचें तांबडें तुरट लागलें. तांबडें मद्य सालीबियांसह आंबवितात, त्याचा हा तुरटपणा. पांढऱ्याचा रस आधींच पिळून वेगळा करितात.

खरी गोष्ट बागेंत कळली. मणी लहान, साल जाड, आंत बिया. गोडी पुष्कळ, पण बाजारांत खावयास कोणी घेणार नाहीं. गिऱ्हाईक एकच, कारखाना. सन २००८ नंतरच्या मंदींत कारखान्यांनीं खरेदी कमी केली, तेव्हां नाशिक जिल्ह्यांत अनेकांनीं ह्या बागा उपटल्या. थॉमसनचा उरलेला माल बेदाण्यास तरी जातो. दर व मुदत लिहिलेला करार हातीं आल्यावांचून कुऱ्हाड उचलूं नये, असें आम्हीं परततांना स्नेह्यांस सांगितलें. दिंडोरी मागें पडेपर्यंत ते कांहीं बोलले नाहींत.