मोठी संख्या दिसली की आधी कागद घ्या

चिखलदऱ्याला पावसाळ्यात लाईन गेली की लॅपटॉप बंद, नेटवर्क गायब. अशा वेळी करता येईल असं एक गणित आज पाहू. १११११११११, म्हणजे नऊ एक. याचा वर्ग किती?

उत्तर: १२३४५६७८९८७६५४३२१.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव द. रा. कापरेकरांनी दिलं, मुंबईजवळच्या त्या वेळच्या डेम्लो स्टेशनवरून. कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीला शाळेत शिक्षक होते. पीएचडी नाही, कॉम्प्युटर नाही.

आता हे असं का होतं? लहान उदाहरण घ्या, १११ × १११. शाळेतल्यासारखं मांडा:

१११ + १११० + १११०० = १२३२१

एकक स्थानी एकच १ येतो, दशक स्थानी दोन, शतक स्थानी तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक त्या स्तंभातले १ मोजतो, बाकी काही नाही. नऊ एक असले तर मधल्या स्तंभात नऊ १ जमतात. हातचा येत नाही, म्हणून आकृतिबंध टिकतो.

कारण कळलं की तो कुठे मोडणार हेही कळतं. दहा एक घेतले तर मधल्या स्तंभात दहा १ येतात, हातचा सुरू होतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मधला ८ गेला! नऊ वेळा खरं ठरलेलं दहाव्यांदा खोटं निघालं. 'नऊ उदाहरणं तपासली' म्हणजे सिद्धता झाली नाही, ती अशी.

आता मशीनची गंमत. नऊ एकांचा वर्ग एक्सेलमध्ये काढा आणि सगळे अंक दाखवायला सांगा. दिसेल १२३४५६७८९८७६५४३००. एक्सेल १५च अंक सांभाळतं, पुढे शून्यं भरतं. एररचा मेसेज येत नाही!

चूक पकडायची कशी? दोन तपासण्या पुरतात. एक, विषम संख्येचा वर्ग विषमच असतो. इथे शेवटी शून्य आहे. दोन, १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ८१ ने. खऱ्या उत्तराच्या अंकांची बेरीज ८१ येते. एक्सेलच्या उत्तराची येते ७८, म्हणजे ९ ने सुद्धा भाग जात नाही.

अवयव पाडले तर १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७. वर्गात प्रत्येक घात दुप्पट होतो, म्हणून या सतरा अंकी संख्येला बरोबर ४५ विभाजक आहेत: ५ × ३ × ३. हेही कागदावरच झालं.

संशोधनात तुमच्या टेबलमध्ये असे मोठे आकडे येतील. गाईडपुढे नेण्याआधी विचारा: हा सम असायला हवा की विषम? ९ ने भाग जायला हवा का? दोन मिनिटं लागतात, आणि सहा महिन्यांचं काम वाचू शकतं.

जाता जाता एक प्रश्न: दहाऐवजी आठ हा पाया घेतला तर हा आकृतिबंध किती एकांपर्यंत टिकेल? कागद घ्या.