यकृत तंतुमयता

यकृताला दीर्घकाळ इजा होत राहिल्यास त्यात कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा संचय होऊन जे व्रण ऊतक तयार होते, त्यास यकृत तंतुमयता म्हणतात. यकृतशोथ-ब व यकृतशोथ-क या विषाणूंचे चिरकारी संक्रामण, अतिमद्यपान, चयापचयातील बिघाडामुळे यकृतात साठणारी चरबी आणि पित्तमार्गातील अडथळा ही तिची प्रमुख कारणे होत. ती वाढत जाऊन यकृताची मूळ रचना मोडते व त्यात गाठी बनतात, तेव्हा यकृत सूत्रण रोग झाला असे म्हणतात. कारणे भिन्न असली, तरी व्रण ऊतक घडविणारी प्रक्रिया बव्हंशी एकच असते आणि तिचे नियंत्रण पुष्कळ अंशी शरीराच्या स्वतःच्या प्रतिरक्षा कोशिका (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी) करतात. यकृतशोथ-ब विषाणू स्वतः यकृत कोशिकांना फारशी इजा करीत नाही. संक्रामित कोशिकांवर लसीका कोशिका हल्ला करतात व त्यातून इजा होते.

या प्रक्रियेत दोन कोशिका महत्त्वाच्या आहेत. जर्मन शारीरविज्ञ कार्ल व्हिल्हेल्म फोन कुप्फर यांनी १८७६ मध्ये यकृतातील तारकाकार कोशिकांचे वर्णन केले. पुढे रक्तमार्गातील भक्षी कोशिका व या कोशिका एकच समजल्या गेल्या आणि कुप्फर यांचे नाव भक्षी कोशिकांना मिळाले. जपानी शास्त्रज्ञ केंजिरो वाके यांनी १९७१ मध्ये त्या भिन्न असल्याचे दाखविले. निरोगी यकृतात तारकाकार कोशिका अ जीवनसत्त्व साठवितात, तर कुप्फर कोशिका आतड्याकडून येणाऱ्या रक्तातील जंतू व मृत कोशिकांचे अवशेष गिळून टाकतात.

यंत्रणा : यकृत कोशिका मरू लागल्या म्हणजे कुप्फर कोशिका उद्दीपित होऊन रासायनिक संदेश सोडतात. त्यामुळे अस्थिमज्जेत तयार झालेल्या एककेंद्रक कोशिका रक्तातून यकृतात येतात व तेथे त्यांचे महाभक्षी कोशिकांत रूपांतर होते. त्यांच्यापासून स्रवणाऱ्या वृद्धिकारकांमुळे तारकाकार कोशिका आपला अ जीवनसत्त्वाचा साठा गमावतात, संख्येने वाढतात व कोलॅजेन निर्माण करू लागतात. इजा थोडा काळ टिकली, तर हे तंतू पुढे विरघळतात; ती वर्षानुवर्षे चालू राहिली, तर विरघळण्यापेक्षा साठणे अधिक होते.

याउलट नैसर्गिक मारक कोशिका उद्दीपित तारकाकार कोशिकांचा नाश करून तंतुनिर्मितीस आळा घालतात. म्हणून प्रतिरक्षा दुर्बल झाल्याने रोग्याचा धोका टळत नाही. यकृतशोथ-क विषाणूबरोबर एचआयव्हीचेही संक्रामण असलेल्या रोग्यांत तंतुमयता उलट अधिक वेगाने वाढते. महाभक्षी कोशिकांचे कार्यही दुहेरी आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत इजा चालू असताना या कोशिका काढून टाकल्यावर तंतू कमी साठले. इजा थांबल्यानंतर काढल्या असता मात्र साठलेले तंतू विरघळण्यास अडथळा आला.

निदान : आरंभी बहुधा कोणतेही लक्षण नसते. जलोदर, कावीळ वा रक्ताची उलटी होईपर्यंत रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो. ऊतक परीक्षेत तंतुमयतेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या मानतात. चौथी पायरी सूत्रण रोगाची होय. सुईने काढलेला तुकडा संपूर्ण यकृताच्या सु. पन्नास हजाराव्या भागाएवढाच असल्याने अनुमान चुकू शकते. म्हणून यकृताचा ताठरपणा मोजणारी स्पंदलहरींची तपासणी, तसेच वय, रक्तातील दोन यकृत एंझाइमे व बिंबाणू यांवरून काढलेला निर्देशांक यांचाही उपयोग करतात.

उपचार : सूत्रण रोग कायमचा असतो, असे पूर्वी मानीत. यकृतशोथ-ब रोग्यांना टेनोफोव्हिर हे औषध पाच वर्षे दिल्यानंतर केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आरंभी सूत्रण रोग असलेल्या ९६ पैकी ७१ जणांच्या यकृतात तो उरला नव्हता. इजेचे कारण दूर करणे, म्हणजे विषाणूचा बंदोबस्त, मद्य वर्ज्य करणे व वजन घटविणे, हाच उपचाराचा पाया आहे. कारण इजा थांबल्यावर तंतू विरघळविण्याचे काम त्याच महाभक्षी कोशिका करतात. मात्र फार जुने व दाट तंतू सहसा पूर्णपणे नाहीसे होत नाहीत आणि सूत्रण रोग झालेल्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका नंतरही राहतो. त्यामुळे अशा रोग्यांची नियमित तपासणी चालू ठेवावी लागते.