चांदी : अंगावरची आणि औषधातली

बारशाला बाळाच्या हातात वाळे, लग्नात नवरीच्या पायात जोडवी, देवघरात निरांजन. चांदीची एकही वस्तू नाही असे घर आपल्याकडे विरळच. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या यात्रेत गोंड समाजाच्या स्त्रियांच्या अंगावर चांदीचे दागिने दिसतात. अडीनडीला हीच चांदी गहाणही पडते. अशा जिव्हाळ्यामुळे 'चांदी अंगाला लागली की रोग पळतो' असा समज रूढ आहे. त्यात खरे किती?

चांदीत जंतू मारण्याचा गुण आहे, हे खरे. चांदीचे अतिसूक्ष्म विद्युतभारित कण ओलाव्यात सुटे होतात आणि जंतूंची वाढ रोखतात. १८८१ साली जर्मनीतील डॉ. क्रेडे यांनी नवजात बाळाच्या डोळ्यांत चांदीच्या क्षाराचे थेंब घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि जन्मतःच्या जंतुसंसर्गाने येणारे अंधत्व पुष्कळ कमी झाले. पुढे त्याची जागा प्रतिजैविकांनी घेतली. पाण्याच्या काही फिल्टरमध्येही जंतू वाढू नयेत म्हणून चांदी वापरतात. मात्र औषधातील चांदीचे प्रमाण मोजलेले असते, तसे दागिन्याचे नसते. चांदीच्या पेल्यात ठेवलेले पाणी उकळलेल्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

पैंजण काळे पडले म्हणजे 'अंगात उष्णता वाढली' असे सांगतात. प्रत्यक्षात हवेतील व घामातील गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर काळा थर चढतो. त्यावरून रोगाचे निदान होत नाही.

चांदीची खरी गाठ पडते ती भाजलेल्या जखमेशी. चुलीवरची पेज सांडते, तणसाला आग लागते, लहान मूल उकळत्या पाण्याच्या गंजाला हात लावते. अशा वेळी घरातील पांढरे मलम आधी आठवते. यातील पुष्कळशा मलमांत सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे चांदी व सल्फा यांचे औषध असते. १९६८ पासून ते वापरात आहे. पण ते लावण्याची घाई करू नका. त्याच्या पांढऱ्या थराखाली जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. साध्या, उथळ भाजण्याला ते बहुधा लागत नाही, उलट जखम भरायला उशीर होऊ शकतो. सल्फाची अ‍ॅलर्जी असणारे, गरोदरपणाचे शेवटचे दिवस आणि दोन महिन्यांच्या आतील बाळ यांच्यासाठी तर ते टाळतात.

मग करावे काय?

१) भाजलेला भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नका.

२) पाणी सुरू असतानाच वाळे, कडे, अंगठी, जोडवी काढा. धातू उष्णता धरून ठेवतो आणि सूज चढल्यावर दागिना रुतून रक्तपुरवठा थांबतो. कातडीला चिकटलेली वस्तू मात्र ओढू नका.

३) स्वच्छ धुतलेल्या कापडाने सैलसर झाका. फोड फोडू नका.

४) लहान मूल, चेहरा, हात, गुप्तांग, किंवा मोठा भाग भाजला असेल तर १०८ क्रमांकावर फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठा.

चांदी पोटात घेण्याबद्दलही सावध राहावे. 'चांदीचे पाणी' सर्व रोगांवर गुणकारी म्हणून विकले जाते. ते दीर्घकाळ घेतल्यास चांदी कातडीत साठून रंग निळसर-करडा होतो आणि तो सहसा जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ साली अशी औषधे सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असा नियम काढला. मिठाईवरचा शुद्ध वर्ख अधूनमधून पोटात गेला तर घाबरण्याचे कारण नाही. तो बोटांनी चोळून पाहावा. खरा वर्ख विरून जातो, अ‍ॅल्युमिनियमचे मात्र तुकडे राहतात.

बाळाला वाळे हौसेने घाला. घुंगरू सैल नाही ना, ते पाहा, कारण सुटलेले घुंगरू थेट तोंडात जाते. वाळ्याखालचा घाम व मळ रोज पुसा. चांदी अंगावर शोभते, पण भाजल्यावर पहिले औषध पाणीच, एवढे घरातील प्रत्येकाला ठाऊक असू द्या.