फ्लूची मोजदाद कशी करतात?

पावसाळा सुरू झाला की वर्गावर्गांतून शिंका आणि खोकला ऐकू येऊ लागतो. समजा, बीड जिल्ह्यातील तेलगावात यंदा फ्लूची लागण किती जणांना झाली, हे आपल्याला मोजायचे आहे. दवाखान्यातील नोंदवही पाहिली की काम भागेल का?

नाही, आणि त्याची कारणे दोन. एक तर सर्दी-ताप आणणारे विषाणू अनेक आहेत. त्यांतून इन्फ्लुएंझाचा विषाणू ओळखायचा, तर नाकातील किंवा घशातील स्राव घेऊन प्रयोगशाळेत तपासावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत असे काम चालते. दुसरे असे, की लागण झालेला प्रत्येक जण आजारी पडत नाही आणि आजारी पडलेला प्रत्येक जण दवाखान्यात जात नाही. मजुरी बुडेल म्हणून कितीतरी माणसे ताप अंगावर काढतात.

मग नोंदवहीत नसलेली ही माणसे शोधायची कशी? रक्त तपासून! विषाणू शरीरात शिरला की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. इन्फ्लुएंझाचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटवतो, हे १९४१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज हर्स्ट यांना आढळले. रक्तद्रवात प्रतिपिंडे असतील तर हे चिकटणे थांबते. म्हणून साथीच्या आधी आणि नंतर त्याच माणसाचे रक्त घेतात व रक्तद्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत तपासतात. नंतरचा नमुना आधीच्यापेक्षा चौपट पातळ केला तरी परिणाम दाखवत असेल आणि त्या माणसाने मध्यंतरी लस घेतलेली नसेल, तर त्याला लागण होऊन गेली असे समजतात.

इंग्लंडमध्ये २००६ ते २०११ या काळात अशी पाहणी झाली. लस न घेतलेल्या दर १०० जणांपैकी सरासरी १८ जणांना दर हिवाळ्यात लागण झाली होती. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना लक्षणे नव्हती किंवा अगदी सौम्य होती!

हा झाला अपूर्णांकाचा अंश. आता छेद पाहू. एकूण माणसे किती? पुणे जिल्ह्यातील वढू परिसरात केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांच्या नोंदी ठेवल्या. २००९ च्या साथीच्या काळात फ्लूमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांचे प्रमाण काढताना त्या नोंदी उपयोगी पडल्या.

बीड जिल्ह्यात तर ही नोंद फारच महत्त्वाची, कारण इथली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. समजा, १,००० वस्तीच्या गावातून २०० माणसे सहा महिने बाहेर गेली. तेवढा काळ ती आपल्या पाहणीत नव्हती. म्हणजे ८०० माणसांची ८०० वर्षे आणि २०० माणसांची १०० वर्षे, मिळून ९०० ‘व्यक्ती-वर्षे’ झाली. गावात ९० जणांना लागण आढळली, तर दर १०० व्यक्ती-वर्षांमागे प्रमाण १० येते. छेद १,००० धरला तर ते ९ येईल, आणि उसाच्या फडात तापाने फणफणलेला मजूर कुठल्याच हिशेबात दिसणार नाही.

लस किती लागेल, खाटा किती लागतील, हे अशा आकड्यांवरूनच ठरते. म्हणून त्या मजुराचीही नोंद, तो जिथे असेल तिथे, व्हायला हवी.