नांदेड व लातूर जिल्ह्यांतील नदीमासेमारी

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील नदीमासेमारी प्रामुख्याने गोदावरी, मांजरा व त्यांच्या उपनद्यांत चालते. कोकणातील खाड्यांप्रमाणे येथे भरती-ओहोटी नसते. पाण्याची पातळी पाऊस व धरणांतील विसर्गानुसार बदलते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील निकालानुसार गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवले जातात.

पावसाळी पुरात रोहू, कटला व मृगळ हे मासे अंडी घालतात. त्यामुळे या काळात प्रजननक्षम मासे पकडल्यास पुढील उत्पादन घटते. हिवाळ्यात थंड पाण्यामुळे माशांची भूक मंदावते व ते गळाला कमी लागतात.

उन्हाळ्यात पाणी आटते व तापते. एक लिटर पाण्यात २० अंश सेल्सियसला सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबल्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. तेव्हा मासे पृष्ठभागाशी येतात आणि प्राणवायू फारच घटल्यास मरतात. मरळ हवेतूनही श्वास घेत असल्याने तग धरतो.

२०१६ च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा वर्षी नदीतील खोल डोह हेच माशांचे आश्रयस्थान असते. तेथे वाचलेल्या माशांवर पुढील हंगाम अवलंबून असतो.